पीआरबीएसवर रात्रभर एक चूक नाही, शिफ्ट बदलली की सीआरसी बोंबलतो (अडॅप्टिव्ह इक्वलायझर)

वाळूजकर_बोर्ड

नमस्कार मंडळी. विषय रुक्ष आहे आणि धागा लांबणार आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी इथूनच मागे फिरावं.

वाळूज एमआयडीसीत आमची लहानशी कंपनी आहे. गाड्यांच्या सुट्या भागांवर ओरखडा, चीर, राहिलेला बर (कडेची धातूची कुसळ) असं काही आहे का, हे कॅमेऱ्यानं तपासणारी मशीन आम्ही बनवतो. चार कॅमेऱ्यांचा डेटा एका कार्डावर गोळा होतो आणि बॅकप्लेनवरून (कार्डं जोडणाऱ्या मागच्या बोर्डावरून) दुसऱ्या कार्डावरच्या एफपीजीएकडे (हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपकडे) जातो. लिंक ६.२५ जीबीपीएस, ८बी/१०बी (८ बिटांचा शब्द १० बिटांच्या कोडने जातो), प्रोटोकॉल घरचाच. मधे साधारण ६० सेंमी एफआर-४ चा ट्रेस आणि दोन कनेक्टर. पुण्यात व्हीएनएवर (फ्रीक्वेन्सीनुसार लॉस मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून आणलंय, ३.१२५ गिगाहर्ट्झला १४ डीबीच्या आसपास लॉस आहे. रिसीव्हरमध्ये वाटेत बिघडलेला सिग्नल सावरणारे दोन इक्वलायझर: सीटीएलई, त्यामागे पाच टॅपचा डीएफई, दोन्ही ऑटो-अडॅप्टवर (आपोआप जुळणारे).

पीआरबीएस-३१ (चाचणीसाठीचा, यादृच्छिक भासणारा बिटांचा क्रम) लावून रात्रभर ठेवलं तर एरर काउंटर शून्य. लाइन चालू असताना कॅमेऱ्याचा डेटाही स्वच्छ. पण शिफ्ट बदलताना लाइन थांबते, कॅमेरे गप्प होतात आणि लिंक नुसती आयडल (डेटा नसताना पाठवायचे भरतीचे शब्द) पाठवत बसते. पुन्हा लाइन सुरू झाली की पहिल्या फ्रेमच्या सुरुवातीलाच सीआरसीच्या (डेटा बिघडला का ते पकडणाऱ्या तपासणीच्या) चुकांचा पाऊस. जरा वेळात आपोआप थांबतो. मग पुढच्या शिफ्टपर्यंत सगळं गोड. पहिलाच पार्ट रिजेक्ट होतो आणि क्वालिटीवाले साहेब माझ्याकडे बघतात.

लॉकचा दिवा (रिसीव्हरने सिग्नलची लय पकडली आहे हे दाखवणारा) एकदाही विझत नाही. कुणाला काही सुचतंय का?

सोयाबीनसम्राट

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय टेंपरेचर असतंय माहीत हाय का? आधी पंखा लावा भाऊ. (ह. घ्या. मी लातूरचा, आमच्याकडं बी तेच हाल.)

वाळूजकर_बोर्ड

पंखा आहे हो. रात्रपाळीलाही हेच होतं.

चिकलठाणा_९

तुमचं इक्वलायझर वगैरे राहू द्या. शिफ्ट बदलली की कॉम्प्रेसर आणि प्रेस एकदम बंद होतात, पुन्हा एकदम चालू होतात. सप्लायवर काय येतं ते स्कोपला बघितलंय का? अर्थिंगचा रॉड कधी तपासला होता? तीस वर्षं मेंटेनन्स केलंय, दहातले आठ 'सिग्नलचे प्रॉब्लेम' अर्थिंगचे निघतात.

वाळूजकर_बोर्ड

काका, शंका रास्त आहे, मलाही आधी तेच वाटलं होतं. म्हणून दोन्ही कार्डं ऑफिसात आणून टेबलावर लावली. तिथे प्रेस नाही, कॉम्प्रेसर नाही, सप्लाय लिनिअर. तरीही तसंच. आयडल एखादा सेकंद असेल तर काहीच होत नाही, काही मिनिटं झालं की हमखास.

गोदाकाठ

आयडलला नेमकं काय पाठवता?

वाळूजकर_बोर्ड

डी२१.५. दर १०२४ शब्दांमागे एक के२८.५ कॉमा, अलाइनमेंटसाठी (शब्द कुठे सुरू होतो ते कळायला). डी म्हणजे डेटाचा शब्द, के म्हणजे खुणेचा. बाकी सगळं डी२१.५. भरपूर ट्रान्झिशन (एकाचं शून्य, शून्याचं एक होणं) मिळतात म्हणून तोच निवडला.

गोदाकाठ

मग चोर तोच. आत्ता ऑफिसात आहे, रात्री सविस्तर लिहिते.

अश्मक

मी परभणीचा, ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे. ताई लिहीपर्यंत कुणी हे इक्वलायझर प्रकरण मुळापासून सांगेल का? पुस्तकात नुसती समीकरणं आहेत, कशासाठी आहेत ते कळंना झालंय.

विष्णुपुरी

मी नांदेडला हाच विषय शिकवतो, तेव्हा तोंड उघडणं भाग आहे.

६.२५ जीबीपीएसला एका बिटाच्या वाट्याला १६० पिकोसेकंद येतात. एफआर-४ मध्ये सिग्नल एका नॅनोसेकंदात सुमारे १५ सेंमी जातो, म्हणजे एक बिट तांब्यावर जेमतेम २.४ सेंमी जागा व्यापतो. धागाकर्त्याच्या ६० सेंमीच्या ट्रेसवर कुठल्याही क्षणी २५ बिट एकामागे एक वाटेत असतात.

आता या वाटेचा स्वभाव बघ. फ्रीक्वेन्सी वाढली की विद्युतप्रवाह तांब्याच्या पृष्ठभागाशी येऊन वाहतो, त्यामुळे लॉस फ्रीक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय बोर्डाचं इपॉक्सी-काच मिश्रण स्वतः ऊर्जा खातं आणि तो लॉस जवळपास फ्रीक्वेन्सीच्याच प्रमाणात वाढतो. खालच्या फ्रीक्वेन्सी धडधाकट पोचतात, वरच्या थकून. १४ डीबी म्हणजे व्होल्टेज पाचावर एक. चौकोनी पल्स पाठवला तरी पलीकडे बुटका आणि लांब शेपटीचा पोचतो आणि ती शेपटी पुढच्या दोन-चार बिटांच्या अंगावर पडते. वेरूळच्या दहाव्या लेण्यात भरभर बोलून बघ, आधीच्या शब्दाचा घुमारा पुढच्या शब्दावर चढतो. हीच आयएसआय (इंटरसिम्बॉल इंटरफिअरन्स).

त्यावर इलाज दोन. सीटीएलई हा साधा अॅनालॉग अॅम्प्लिफायर, वरच्या फ्रीक्वेन्सींना जास्त गेन देतो. त्याचा दोष असा की वरच्या पट्ट्यातला नॉइज आणि शेजारच्या ट्रेसचा क्रॉसटॉकही तो तितक्याच प्रेमाने वाढवतो. डीएफईचं डोकं वेगळं. आधीचे बिट काय होते हे त्यानं ठरवून टाकलेलं असतं, मग त्यांची शेपटी आत्ताच्या बिटावर किती पडली असेल ते तो सरळ वजा करतो. वजा करायला वापरतो ते बिट शून्य किंवा एक असे पक्के, त्यामुळे नॉइज वाढत नाही. मात्र एक बिट चुकला तर वजाबाकी चुकते आणि पुढचेही एक-दोन चुकू शकतात. आणि ज्या बिटाचा निर्णय अजून व्हायचा आहे त्याचा उपद्रव त्याला काढता येत नाही.

किती वजा करायचं, हा आकडा म्हणजे टॅप. तो बोर्डागणिक, तापमानागणिक बदलतो, म्हणून सर्किटनेच शोधायचा. इथे एलएमएस (लीस्ट मीन स्क्वेअर) येतं. विड्रो आणि हॉफ यांनी १९६० मध्ये स्टॅनफर्डला मांडलेली पद्धत. वजाबाकीनंतर अपेक्षित पातळीपासून किती चूक उरली ते बघायचं, ती चूक आणि तो जुना बिट यांचा गुणाकार करायचा, त्याच्या बारीक अंशाने टॅप सरकवायचा. चिपमध्ये गुणाकारही परवडत नाही, म्हणून बहुतेक वेळा दोघांचं फक्त चिन्ह घेतात. चिन्हं जुळली तर टॅप एक पायरी वर, नाही जुळली तर एक पायरी खाली.

अश्मक

सर, हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं. वाचनखूण साठवली.

चिकलठाणा_९

विष्णुपुरी सर, लेण्यातला घुमारा भिंतीवरून परत येतो, ट्रेसवरची शेपटी लॉसमुळे पडते. दोन्ही एक नाहीत.

विष्णुपुरी

मान्य. लेण्याशी खरं जुळतं ते कनेक्टर आणि व्हायाच्या (बोर्डाचे थर जोडणाऱ्या छिद्राच्या) उरलेल्या स्टबवरून परतणारं रिफ्लेक्शन. तेही डीएफई काढतो, फक्त ते त्याच्या टॅपांच्या टप्प्यात यायला हवं. पाच टॅप म्हणजे पाच बिट, ८०० पिकोसेकंद. त्याहून उशिरा आलेलं त्याला ऐकूच येत नाही.

निवृत्त_ट्रंककॉल

बीडहून नमस्कार. दूरसंचार खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हा विषय बघून राहवलं नाही.

तुम्ही ज्याला नवीन समजता ते आम्ही टेलिफोनच्या तारेवर बघितलंय. बेल लॅब्जच्या रॉबर्ट लकी यांनी १९६५ मध्ये टेलिफोन लाइनसाठी आपोआप जुळणारा इक्वलायझर दाखवला. त्याआधी इक्वलायझर हाताने नॉब फिरवून बसवायचे. तुमच्या डीएफईची कल्पनाही तेव्हाचीच, ऑस्टिन यांची, १९६७ ची.

डायल-अप मॉडेम लागताना जो खरखराट यायचा, त्यातला बराच भाग म्हणजे दोन्हीकडचे इक्वलायझर आणि इको कॅन्सलर लाइन ओळखून घेत असायचे. व्ही.३२ मॉडेम ३०० ते ३४०० हर्ट्झच्या तेवढ्याशा पट्ट्यातून सेकंदाला २४०० सिम्बॉल आणि ९६०० बिट काढायचा. आणि एक गोष्ट सांगतो, तुमच्या कामाची वाटते म्हणून. त्या मॉडेममध्ये स्क्रॅम्बलर (बिट ठरावीक रीतीने घुसळणारं सर्किट) सक्तीचा होता. संगणक काहीही पाठवत नसला, लागोपाठ नुसते 'एक' येत असले, तरी लाइनवर दिसायचा तो गोंधळच. का ते तेव्हा आम्ही कुणी विचारलं नाही.

सोयाबीनसम्राट

काकांनी अर्धं उत्तर फोडलं वाटतंय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गोदाकाठ

ट्रंककॉल काका, तुम्ही अर्धं नाही, पाऊण फोडलंत.

मी मूळची पैठणची, सध्या बेंगळुरूत रिसीव्हरच्या याच भागावर काम करते. कंपनीचं काही सांगणार नाही, पण पुढचं सगळं उघड ज्ञान आहे.

डी२१.५ चा दहा बिटांचा कोड आहे १०१०१०१०१०. म्हणजे आयडलमध्ये लाइनवर अखंड एक-शून्य-एक-शून्य. एकाला +१ म्हणा, शून्याला −१. समजा या बॅकप्लेनवर मुख्य पल्सची उंची १, त्याच्या शेपटीचा पहिला तुकडा ०.२० आणि दुसरा ०.०५. म्हणजे बरोबर टॅप ०.२० आणि ०.०५.

आत्ताचा बिट +१ असेल तर आयडलमध्ये आधीचा कायम −१ आणि त्याआधीचा कायम +१. सिग्नल आला १ − ०.२० + ०.०५ = ०.८५. डीएफई वजा करतो −०.१५. उरलं १. चूक शून्य, एलएमएस खूश.

आता टॅप ०.५० आणि ०.३५ आहेत असं धरा. वजा होणार −०.५० + ०.३५, म्हणजे पुन्हा −०.१५च. चूक पुन्हा शून्य. एलएमएस तितकंच खूश! आयडल चालू असताना त्याला फक्त दोन टॅपांमधला फरक दिसतो. दोघे हात धरून वर चालत गेले तरी चूक दिसत नाही, म्हणून परत खेचणारं कुणी नाही. आणि चिन्हावर चालणाऱ्या एलएमएसमध्ये नॉइजचे आणि कंपॅरेटरच्या ऑफसेटचे बारीक धक्के सतत बसत असतात. सेकंदभरात टॅप फारसे हलणार नाहीत. काही मिनिटांत कुठल्या कुठे जातील.

मग कॅमेरा बोलायला लागतो आणि लाइनवर लागोपाठ तीन एक येतात. सिग्नल आला १ + ०.२० + ०.०५ = १.२५. भरकटलेला डीएफई वजा करतो ०.८५. उरलं ०.४०. उंची १ असायला हवी तिथे निम्मीही नाही. त्यात बाकीचे तीन टॅपही असेच फिरून आलेले. डोळा (एक आणि शून्य यांच्यातली मोकळी जागा) मिटला, चुका सुरू. पण आता खरा डेटा आहे, एक-शून्याच्या सगळ्या जोड्या येतायत, चूक दिसायला लागते, एलएमएस टॅप ओढून जागेवर आणतं. धागाकर्ते म्हणाले ते 'आपोआप थांबतं' म्हणजे हेच.

लॉकचा दिवा का विझत नाही? सीडीआर (सिग्नलमधूनच घड्याळ काढणारं सर्किट) हे ट्रान्झिशनवर जगतं, आणि १०१० इतकी ट्रान्झिशन दुसऱ्या कशात नाहीत. सीडीआरसाठी जे पंचपक्वान्न, तो डीएफईला उपास.

चिकलठाणा_९

गणित पटलं. पण मग कॉमा? के२८.५ मध्ये लागोपाठ पाच सारखे बिट असतात. तो दर १०२४ शब्दांनी येतोच आहे. तो टॅपना जागेवर का आणत नाही?

गोदाकाठ

खूप चांगला प्रश्न. आणतो, पण १०२४० बिटांत तो दहा बिटांपुरता बोलतो. बाकीचे हजारपट जास्त वेळ धक्के देतात. खेच आहे पण मरतुकडी. त्यातून चिन्हवाल्या एलएमएसला चूक मोठी की छोटी कळत नाही, एक बिट म्हणजे एकच पायरी. नुसता के२८.५ सलग पाठवला असता तर हे प्रकरण इतकं चिघळलं नसतं, त्यात एकटे बिटही आहेत आणि लांब सलग बिटही.

आणखी एक. नुसते टॅपच नाही, गेनही फिरला असणार. आयडलमध्ये फक्त ३.१२५ गिगाहर्ट्झचा सूर आहे, तो १४ डीबी खाऊन आलेला. एजीसीला (गेन आपोआप ठरवणाऱ्या सर्किटला) वाटतं सिग्नलच बारीक आहे, गेन वाढव. मग खरा डेटा येतो, त्यातल्या लांब सलग बिटांना जवळपास लॉसच नाही, आणि अॅम्प्लिफायर छताला जाऊन टेकतो. टॅप आणि गेन, दोन्ही रजिस्टरं आयडलच्या आधी आणि नंतर वाचून बघाल का?

वाळूजकर_बोर्ड

वाचले. अंगावर काटा आला.

पीआरबीएसनंतर लगेच: टॅप १ चा कोड ११, टॅप २ चा ४. आयडलवर चहा पिऊन येईपर्यंत: टॅप १ झाला २४, टॅप २ झाला १७. दोन्हीकडे फरक सातच! बाकीचे तीन थोडे थोडे हलले. गेनचा कोड जवळजवळ वरच्या टोकाला.

सोयाबीनसम्राट

आर्र! ताईनं बेंगळुरूत बसून वाळूजची नाडी बघितली.

विष्णुपुरी

परीक्षेत आम्ही हेच एका ओळीत विचारतो: 'इनपुटचं ऑटोकोरिलेशन मॅट्रिक्स सिंग्युलर असेल तर काय होईल?' मुलं व्याख्या लिहून मोकळी होतात. आता मी हे ११-४ आणि २४-१७ फळ्यावर लिहिणार. धागाकर्त्याची हरकत नसेल तर.

वाळूजकर_बोर्ड

सर, खुशाल लिहा, फक्त कंपनीचं नाव नको.

इलाज काय करू? आमच्या सॉफ्टवेअरच्या मुलाचं म्हणणं, आयडल सुरू झालं की अडॅप्टेशन फ्रीझ करायचं. रजिस्टरमध्ये तशी सोय आहे.

चिकलठाणा_९

हेच करा. सोपं, स्वस्त.

गोदाकाठ

चालेल, पण मला आवडत नाही. फ्रीझ केल्यावर टॅप जिथे होते तिथेच. शिफ्टच्या सुट्टीपुरतं ठीक. पण रविवारी लाइन बंद, मशीन चालू, सोमवारी सकाळचा गारवा आणि शनिवार दुपारची भट्टी यांत बोर्डाचा लॉसही वेगळा आणि सीटीएलईचा गेनही वेगळा. एफआर-४ चा लॉस तापमान आणि दमटपणा दोन्हींनी वाढतो. आपल्याकडे मे ते जुलै हा प्रवास केवढा आहे ते सांगायला नको. शिवाय 'आयडल सुरू झालं' हे कळून फ्रीझ होईपर्यंतचा काळ, पुन्हा सोडायची वेळ, हे सगळं लॉजिक तुम्हालाच सांभाळायचंय.

डीएफई बंद करून नुसत्या सीटीएलईवर चालवणं हाही एक मार्ग. १४ डीबी म्हणजे काठावरचं प्रकरण, एखादं कार्ड चालेल, एखादं रडेल.

माझं मत स्क्रॅम्बलर. पीसीआय एक्सप्रेसच्या (संगणकाच्या आतली कार्डं जोडणाऱ्या लिंकच्या) पहिल्या दोन पिढ्यांत ८बी/१०बीच होतं, तरी डेटा आधी १६ बिटांच्या एलएफएसआरमधून (यादृच्छिक भासणारे बिट काढणाऱ्या शिफ्ट रजिस्टरमधून) घुसळून मग एन्कोड करायचे, आणि आयडलची शून्यंही घुसळूनच जायची. कॉमा आला की एलएफएसआर रीसेट, के कॅरॅक्टर घुसळायचे नाहीत. तेच उचला.

अश्मक

कॉमा दर १०२४ शब्दांनी रीसेट करणार, म्हणजे आयडल पुन्हा तेच तेच होणार ना? मग प्रश्न तिथेच नाही का?

गोदाकाठ

शाब्बास. पुनरावृत्ती होणार, पण १०२४० बिटांनी. टॅप पाच आहेत. पाच-सहा बिटांच्या सगळ्या जोडण्या त्या लांबीत पुरेशा येऊन जातात, एवढंच हवंय. पीआरबीएस-७ तर १२७ बिटांनीच पुन्हा सुरू होतो, तरी पाच टॅपना तो पुरतो.

अश्मक

अवांतर: औंढा नागनाथला लायगो (गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा) होतंय, आमच्यापासून जवळच. तिथे असलं इक्वलायझर लागेल का?

विष्णुपुरी

गुरुत्वीय लहरींचा सिग्नल ऐकू येणाऱ्या ध्वनीच्या पट्ट्यातला. अमेरिकेतल्या लायगोत मुख्य चॅनल सेकंदाला १६३८४ नमुन्यांनी नोंदवतात. त्या वेगाला तांब्याची तार शेपटी वगैरे टाकत नाही. हां, तो डेटा साठवणाऱ्या संगणकांच्या आत मात्र प्रत्येक पीसीआय एक्सप्रेस लिंकवर हेच चालू असेल. आता मूळ धाग्याकडे.

वाळूजकर_बोर्ड

ताई, अडचण सांगतो. शेंद्र्याला आणि जालन्याला ग्राहकांकडे मशीन बसलेली आहेत. पाठवणाऱ्या कार्डाचं बिटफाइल (एफपीजीएत भरायचं सर्किट) लॅपटॉप लावून बदलता येतं. घेणाऱ्या कार्डाला ती सोय बाहेरून नाही, पूर्ण कॅबिनेट उघडावं लागतं. स्क्रॅम्बलर म्हटलं की दोन्हीकडे बदल आला.

गोदाकाठ

घेणारं कार्ड आयडलच्या शब्दांचं काय करतं? तपासतं की टाकून देतं?

वाळूजकर_बोर्ड

टाकून देतं. फ्रेम सुरू व्हायचं के कॅरॅक्टर आल्याशिवाय ते कशाकडे बघतच नाही.

गोदाकाठ

मग जुन्या मशीनला डिस्क्रॅम्बलर कशाला? फ्रेम आहे तशी जाऊ द्या. फक्त आयडलमध्ये डी२१.५ च्या जागी एलएफएसआरमधून निघालेले कुठलेही डी शब्द पाठवा, कॉमा आहे तिथेच ठेवा. घेणारा ते वाचणार नाही, पण त्याच्या इक्वलायझरला मात्र सगळं ऐकू येईल. बदल एकाच बाजूला. नव्या मशीनमध्ये दोन्हीकडे पूर्ण स्क्रॅम्बलर टाका, कारण फ्रेममध्येही एकाच छटेची पार्श्वभूमी ओळीच्या ओळी आली तर तोच शब्द पुन्हा पुन्हा जाणार.

वाळूजकर_बोर्ड

हे डोक्यातच आलं नव्हतं! आमच्या कॅमेऱ्यात मागचा पट्टा काळाच असतो.

वाळूजकर_बोर्ड

अपडेट. टेबलावरच्या कार्डात आयडलला एलएफएसआर टाकला. रात्रभर आयडलवर ठेवून सकाळी कॅमेरा सुरू केला, पहिली फ्रेम स्वच्छ. टॅप १२ आणि ४, गेन मधोमध. उद्या शेंद्रा, नंतर जालना.

चिकलठाणा_९

जालन्याला जाताना अर्थ टेस्टर घेऊन जा, आलाच आहात तर रॉडही बघून घ्या.

सोयाबीनसम्राट

आणि व्हिजिट चार्ज लावायला इसरू नका.